गिऱ्हाईक कुठे अडते? जाहिरातमोहिमांच्या यशापयशाची मीमांसा

एखादी जाहिरात लोकांना आवडते, तिची धून मुलांच्या तोंडी बसते, तिला पारितोषिकेही मिळतात, आणि तरीही मालाचा खप जागचा हलत नाही, असे व्यापारात वारंवार घडते. उलट, कलेच्या दृष्टीने अगदी सामान्य वाटणारी एखादी जाहिरात पिढ्यानपिढ्या माल विकत राहते, असेही दिसते. या विसंगतीचा उलगडा करायचा तर जाहिरातीकडे पाहण्याआधी गिऱ्हाइकाकडे पाहावे लागते. वस्तू ठाऊक असते, ती परवडतही असते, आणि तरी माणूस ती घेताना थबकतो. कधी किमतीपाशी, कधी सवयीपाशी, कधी भीतीपाशी, तर कधी लोक काय म्हणतील या विचारापाशी. या थबकण्याला येथे अडसर म्हटले आहे. जी मोहीम हा अडसर अचूक ओळखते आणि तो दूर करण्याजोगे काही गिऱ्हाइकाच्या हाती देते, ती यशस्वी होते; आणि जी फसते ती बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी घाव घातल्यामुळे फसते, हे भारतीय बाजारपेठेतील काही गाजलेल्या मोहिमा तपासल्या असता स्पष्ट होते.

येथे दोन संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. ब्रँड म्हणजे केवळ नाव किंवा बोधचिन्ह नसून त्या नावासरशी लोकांच्या मनात जागे होणारे अनुभव, समजुती आणि अपेक्षा यांचा एकत्रित ठसा होय. हा ठसा इतर मालांच्या तुलनेत नेमका कोठे बसतो, म्हणजे स्वस्तात बसतो की टिकाऊपणात, घरगुतीपणात बसतो की प्रतिष्ठेत, हे ठरवण्याच्या आणि ती जागा राखण्याच्या खटाटोपाला जाहिरातव्यवसायात पोझिशनिंग म्हणतात. अमेरिकेतील अल रीस आणि जॅक ट्राउट यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना रूढ केली. तिचा गाभा असा की खरी स्पर्धा दुकानातल्या फळीवर होण्याआधी गिऱ्हाइकाच्या डोक्यात होते, आणि तेथे एकदा मिळालेली जागा सोडवून घेणे फार महागात पडते.

सर्फ आणि निरमा यांच्यातील झुंज हे या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९५९ मध्ये सर्फ भारतात आणली, तेव्हा बहुतेक घरांत कपडे साबणाच्या वडीने आणि लाकडी धोपटण्याने धुतले जात असल्याने पावडर भिजवून फेस करण्याची रीतच लोकांना शिकवावी लागली. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, गुजरात सरकारच्या नोकरीत असलेल्या करसनभाई पटेल या रसायनशास्त्राच्या पदवीधराने अहमदाबादेत घरच्या घरी पावडर तयार करून ती सायकलवरून दारोदार विकण्यास आरंभ केला. तिची किंमत सर्फच्या किमतीच्या सुमारे एक चतुर्थांश होती. धुण्याच्या पावडरीबाबत लाखो कुटुंबांचा अडसर किंमत हाच होता आणि निरमाने तो मालाच्या पातळीवरच नाहीसा केला. पांढरा फ्रॉक घातलेली गिरकी घेणारी मुलगी आणि सोपी धून यांनी पुढे त्या स्वस्त पावडरीला शुभ्रतेचा आणि आनंदाचा चेहरा दिला. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमाने खपात सर्फला मागे टाकले.

या संकटाला लिंटास या जाहिरातसंस्थेतून ॲलेक पदमसी यांनी जे उत्तर दिले ते ललिताजी या व्यक्तिरेखेच्या रूपाने आले. कविता चौधरी यांनी साकारलेली ही गृहिणी साडी नेसलेली, नीटनेटकी, भाजी घेताना भाव करणारी, पैशापैशाचा हिशेब ठेवणारी होती. आणि असे असूनही ती महागडी पावडर का घेते, हा प्रश्न तिला पडद्याआडून विचारला जात असे. तिचे उत्तर असे की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, आणि अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पावडरीच्या बरोबरीचे काम करते. या व्यक्तिरेखेमागे आपल्या आईचा नमुना होता, असे पदमसी यांनी सांगितले आहे.

ललिताजीच्या यशाचे मर्म बारकाईने पाहण्यासारखे आहे. सर्फ घेणाऱ्या मध्यमवर्गीय गृहिणीला त्या काळी निरमा वाईट वाटत नव्हती. महाग पावडर घेतल्याबद्दल घरात आणि स्वतःच्या मनाशी जबाब देणे तिला अवघड जात होते. उधळेपणाचा ठपका हा तिचा अडसर होता. सर्फ किती शुभ्र धुते हे पुन्हा एकदा सांगून तो हटला नसता, कारण शुभ्रतेविषयी शंका कोणालाच नव्हती. जाहिरातीने तिच्या हाती एक तयार युक्तिवाद दिला, तोही हिशेबाच्या भाषेत आणि तिच्यासारख्याच काटकसरी बाईच्या तोंडून. एखाद्या नटीने किंवा शास्त्रज्ञाने तेच सांगितले असते तर त्या वाक्याचे वजन निम्मे झाले असते.

तरीही ललिताजीची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. तिने सर्फ परवडणाऱ्यांना सर्फकडे टिकवून ठेवले, परंतु ज्यांच्या महिन्याच्या खर्चात ती किंमत बसतच नव्हती त्यांच्यासाठी कोणताही युक्तिवाद उपयोगाचा नव्हता. त्या वर्गाला परत मिळवण्यासाठी कंपनीला १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हील ही वेगळी, स्वस्त आणि हातांना कमी झोंबणारी पावडर काढावी लागली, तिच्यासाठी उत्पादनाची आणि वितरणाची पद्धत बदलावी लागली. जाहिरातीच्या सामर्थ्याविषयी जे अतिरंजित दावे केले जातात त्यांना येथे छेद मिळतो. जो अडसर मनात असतो तो जाहिरात दूर करू शकते. जो खिशात असतो तो दूर करणे मालाचे आणि किमतीचे काम असते.

याच्या नेमकी उलट दिशा टाटा नॅनोच्या कहाणीत दिसते आणि ती महाराष्ट्राला जवळची आहे, कारण या मोटारीचा विकास टाटा मोटर्सच्या पुण्यातील अभियंत्यांनी केला आणि त्या प्रकल्पाची धुरा गिरीश वाघ यांनी वाहिली. पावसात एका स्कूटरवरून चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांच्या मनात ही कल्पना आली, हे सर्वश्रुत आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात नॅनोचे दर्शन घडले, मार्च २००९ मध्ये मुंबईत तिचे विधिवत अनावरण झाले, आणि एक लाख रुपयांची मोटार म्हणून जगभरातील वृत्तपत्रांनी तिची वाखाणणी केली. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागच्या बाजूला बसवून आत चार माणसांना ऐसपैस जागा करून देणारी ही रचना अभियांत्रिकीच्या दृष्टीने खरोखर असामान्य होती. पहिल्या फेरीतच दोन लाखांहून अधिक नोंदण्या आल्या आणि साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेने उभारला गेला. परंतु सर्वांत चांगल्या वर्षातही, म्हणजे २०११-१२ मध्ये, विक्री पाऊण लाखाच्या आतच राहिली, आणि २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबले.

या अपयशाला अनेक कारणे आहेत. प्रकल्प आधी ठरलेल्या सिंगूरहून साणंदला हलवावा लागल्याने मोलाचा काळ वाया गेला, प्रारंभी काही गाड्यांना आग लागल्याच्या घटनांनी भीती पसरली, आणि कर व इतर खर्च मिळून रस्त्यावर येणारी किंमत लाखाच्या बरीच पुढे गेली. तथापि मुळातला घोटाळा नॅनोला मनात मिळालेल्या जागेचा होता. सर्वांत स्वस्त मोटार ही ओळख किमतीचा अडसर दूर करते, हे खरे; पण स्कूटरवरून मोटारीकडे वळणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मोटार हे केवळ पावसापासून बचाव करणारे वाहन नसते. ती दारात उभी राहते, शेजारी पाहतात, सोयरिकीच्या बोलण्यात तिचा उल्लेख होतो, आणि कुटुंब एक पायरी वर चढल्याची ती जाहीर खूण असते. त्या खुणेवरच सर्वांत स्वस्त असा शिक्का बसला तर खरेदीचा अर्धा हेतू विफल होतो. ज्याला नवी नॅनो परवडत होती, त्याला त्याच पैशांत कोणी नाव न ठेवणारी जुनी मारुतीही मिळत होती. स्वस्तपणाच्या या ठपक्याने गाडीचे नुकसान केले हे पुढे रतन टाटा यांनीही जाहीरपणे मान्य केले.

नॅनोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तिची प्रतिमा कंपनीने पैसे मोजून दिलेल्या जाहिरातींपेक्षा बातम्यांनी आधी घडवली, आणि त्या बातम्यांत किमतीखेरीज दुसरे काही फारसे नव्हते. फुकट मिळालेली प्रसिद्धी कंपनीला प्रथम वरदानच वाटली असणार, परंतु तिच्यामुळे पोझिशनिंगचा निर्णय कंपनीच्या हातून निसटला. नंतर आनंदाची, तरुणाईची, शहरी चटपटीतपणाची भाषा करणाऱ्या मोहिमा झाल्या, २०१५ मध्ये मागचे दार उघडणारी आणि स्वयंचलित गिअरची आवृत्तीही आली. पण पहिला ठसा पुसला गेला नाही. ही गाडी बनवणाऱ्यांच्या कर्तबगारीला बाजारात योग्य न्याय मिळाला नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

केलॉग्जचे उदाहरण थोडक्यात सांगता येईल. १९९४ मध्ये ही अमेरिकी कंपनी भारतात आली, तळोजे येथे तिने कारखाना उभारला, आणि सकाळच्या न्याहारीसाठी कॉर्नफ्लेक्स हा पोषक पर्याय असल्याचा प्रचार सुरू केला. कुतूहलापोटी लोकांनी पहिला पुडा घेतला, पण दुसरा घेतला नाही. भारतीय घरात दूध तापवून घेण्याची पक्की रीत असते. गरम दुधात पडल्याबरोबर मक्याचे कुरकुरीत पापुद्रे मऊ पडून त्यांचा लगदा होई, आणि थंड दूध घालावे तर साखर नीट विरघळत नसे. शिवाय आपली नेहमीची न्याहारी आरोग्याला पुरेशी नाही असा जाहिरातीचा सूर पोहे, उपमा, इडली, पराठे करणाऱ्या गृहिणीला दुखावणारा होता. जेथे अडसर वाटीतल्या दुधाच्या तापमानाशी होता तेथे पोषणाचे व्याख्यान कितीही खरे असले तरी निरुपयोगी ठरले. पुढे लहान पुडे, मुलांसाठी चोकोजसारखे प्रकार आणि सौम्य सूर यांनी कंपनीने हळूहळू आपली जागा मिळवली.

अडसर वेळोवेळी बदलतो आणि त्याबरोबर मोहिमेलाही बदलावे लागते, हे कॅडबरी डेअरी मिल्कच्या वाटचालीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. ठाण्यात ज्या कंपनीच्या कारखान्यावरून एका चौकाचे नावच पडले, त्या कंपनीपुढे १९९०च्या दशकाच्या आरंभी मोठा प्रश्न असा होता की चॉकलेट ही लहान मुलांना द्यायची वस्तू मानली जाई. मोठ्या माणसाने ते स्वतःसाठी विकत घेऊन चारचौघांत खाणे थोडे ओशाळवाणे होते. ओगिल्वी या जाहिरातसंस्थेत पीयूष पांडे यांनी रचलेल्या आणि महेश मथाई यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या वेळच्या प्रसिद्ध चित्रफितीत क्रिकेटच्या सामन्यात फलंदाज षटकार मारतो आणि प्रेक्षकांत बसलेली तरुणी सुरक्षारक्षकाला चुकवून थेट मैदानात नाचत शिरते. पार्श्वभूमीला शंकर महादेवन यांचा आवाज होता. चॉकलेटच्या चवीविषयी किंवा दुधाच्या प्रमाणाविषयी त्यात एक शब्दही नव्हता, कारण मोठ्यांचा संकोच हाच अडसर होता आणि भर मैदानात लाज सोडून नाचणारी प्रौढ मुलगी त्या संकोचाला नेमके उत्तर देत होती. २०२१ मध्ये हीच जाहिरात स्त्री खेळाडू आणि नाचणारा तरुण अशा अदलाबदलीने पुन्हा काढण्यात आली, तेव्हा इतक्या वर्षांनंतरही लोकांना मूळ दृश्य लख्ख आठवत होते.

ऑक्टोबर २००३ मध्ये मात्र या कंपनीसमोर वेगळाच प्रसंग उभा राहिला. मुंबईत डेअरी मिल्कच्या वड्यांत अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने दखल घेतली, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर वृत्तवाहिन्यांवर त्याच बातम्या फिरू लागल्या. कंपनीने प्रथम दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवले. ते कदाचित वस्तुस्थितीला धरून असेलही, परंतु मुलाच्या हातात वडी देणाऱ्या आईला अळी कारखान्यात शिरली की वाण्याच्या कपाटात, याच्याशी काही कर्तव्य नव्हते. सणासुदीचा खप झपाट्याने घसरला.

यानंतर कंपनीने ज्या क्रमाने पावले उचलली तो क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुकानदारांना साठवणुकीचे शिक्षण देण्याची व्यापक योजना हाती घेण्यात आली, नंतर जानेवारी २००४ मध्ये वडीचे वेष्टन बदलून ॲल्युमिनियमचा घट्ट चिकटवलेला पापुद्रा आणि त्यावर सर्व बाजूंनी बंद प्लास्टिकचे आवरण असा दुहेरी बंदोबस्त करण्यात आला, आणि त्यानंतरच अमिताभ बच्चन पडद्यावर येऊन विश्वासाचा शब्द देऊ लागले. हाच शब्द वेष्टन बदलण्याआधी दिला गेला असता तर तो पोकळ वाटला असता आणि त्यात बच्चन यांची पतही पणाला लागली असती. प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा विश्वास उसना देतो; त्या उसनवारीला तारण म्हणून मालात काहीतरी बदललेले दिसावे लागते. एकदा भीती ओसरल्यावर कंपनी पुन्हा आपल्या जुन्या कामाकडे वळली आणि शुभ प्रसंगी गोड खाण्याच्या प्रथेत चॉकलेटला शिरकाव मिळवून देण्याचा उद्योग तिने चिकाटीने चालवला. २०१०च्या सुमारास आलेल्या मोहिमेने तर घराबाहेर पडताना हातावर दहीसाखर ठेवण्याच्या रिवाजालाच आधार मानले. येथे अडसर पेढ्याशी आणि बर्फीशी असलेल्या पिढीजात नात्याचा होता, आणि त्या नात्याला कमी न लेखता त्याच्या शेजारी बसण्याची युक्ती कंपनीने साधली. केलॉग्जने जे टाळले नाही ते कॅडबरीने टाळले, असे म्हणावे लागते.

अडसर अचूक ओळखूनही पुष्कळ मोहिमा अकाली मरतात, याचे कारण कंपन्यांचा उतावीळपणा होय. जाहिरात बनवणारे आणि ती मंजूर करणारे तीच गोष्ट दिवसरात्र पाहून कंटाळतात, तेव्हा गिऱ्हाइकाने ती जेमतेम चार वेळा, तीही दुसरे काही करताना, पाहिलेली असते. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ मध्ये सिल्वेस्टर डा कुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी घडवली. तेव्हापासून तिचा चेहरा, केस आणि फ्रॉक जवळजवळ तेच राहिले आणि फलकावरचा विषय मात्र चालू घडामोडींप्रमाणे बदलत राहिला. डा कुन्हा यांना प्रत्येक फलक कंपनीकडून आधी मंजूर करून घ्यावा लागत नसे. आठवड्याच्या बातमीवर आठवड्यातच भाष्य करणे या मोकळिकीमुळेच शक्य झाले, आणि मालकाने दाखवलेला हा भरवसा मोहिमेच्या यशातला कल्पनेइतकाच मोठा वाटा मानला पाहिजे.

परळला १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी सुरू केलेल्या विको कंपनीनेही हीच चिकाटी दाखवली. हळदीची क्रीम विकताना तिचा पिवळा रंग हाच उघड अडसर होता, कारण चेहऱ्याला लावायची क्रीम पांढरीच असते अशी लोकांची सवय होती. विकोच्या जाहिरातीने रंग लपवण्याऐवजी लग्नघरातील हळदीचा सोहळा समोर ठेवला, आणि जी गोष्ट उणीव ठरली असती ती परंपरेची ओळख बनून आली. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी आणि पुढे दूरदर्शनवर तीच धून, तेच शब्द वर्षानुवर्षे ऐकू येत राहिले. जाहिरातव्यवसायातील अनेकांना ही मोहीम जुनाट वाटे. प्रत्यक्षात, अफाट खर्च करू न शकणाऱ्या मराठी कुटुंबाच्या कंपनीला बहुराष्ट्रीय स्पर्धकांसमोर उभे राहण्याचा तो सर्वांत शहाणा मार्ग होता, कारण प्रत्येक नवी जाहिरात जुन्या आठवणीतच भर घालत होती.

या अनुभवाला अभ्यासाचाही आधार आहे. ब्रिटनमधील लेस बिनेट आणि पीटर फील्ड यांनी शेकडो मोहिमांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार तात्काळ विक्री वाढवणाऱ्या सवलतीच्या जाहिराती आणि दीर्घकाळ भावनिक ठसा उमटवणाऱ्या जाहिराती ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यांचा परिणाम लगेच दिसतो आणि लगेच ओसरतो, दुसऱ्यांचा सावकाश साठत जातो. सर्वसाधारणपणे खर्चाचा सुमारे ६० टक्के भाग दुसऱ्या कामावर आणि ४० टक्के पहिल्यावर असावा, असे त्यांनी सुचवले. मोबाइलवरील जाहिरातींच्या काळात हे प्रमाण उलटे होण्याकडे कल आहे, कारण कोणी किती वेळा बोट टेकवले याची संख्या संध्याकाळपर्यंत हाती येते आणि मनातल्या ठशाची येत नाही.

मात्र त्या संख्येत जे गिऱ्हाईक थबकले त्याच्या थबकण्याचे कारण कोठेच नोंदले जात नाही. सर्वेक्षणातही ते सहजी सापडत नाही. किंमत जास्त वाटली, असे माणूस मोकळेपणाने सांगतो. शेजारी हसतील अशी भीती वाटली, हे तो सांगत नाही, आणि कित्येकदा ते त्याचे त्यालाही उमगलेले नसते. म्हणूनच चांगल्या जाहिरातसंस्था आपल्या माणसांना दुकानाच्या फळीसमोर, स्वयंपाकघरात, आठवड्याच्या बाजारात तासन्‌तास उभे करतात. गिऱ्हाईक एखादा पुडा उचलून, उलटून, किंमत पाहून परत ठेवते आणि दुसरा उचलते. त्या दोन हालचालींच्या मध्ये काय घडले याचा शोध लागल्यावरच जाहिरातीचे पहिले वाक्य लिहायला घेता येते.